शेळीच्या गालाचा नमुना

तीर्थरूप काका,

नाही म्हणजे नाही, दात दुखत होता हे कारण मला पटलेलं नाही, आणि फोनवर पटल्यासारखं बोललो ते फक्त मागून काकूचा आवाज येत होता म्हणून. दात दुखत असेल तर गालाला आतून कापसाची काडी लावू नये, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं? तरी आधी नमस्कार घ्या. (राग वेगळा आणि नमस्कार वेगळा, हे तुम्हीच शिकवलंत.) तुमचा गुडघा कसा आहे, काकूचा खोकला थांबला का, दुकानाचं शटर अजून अर्ध्यात अडकतं का, सगळं कळवा. मी मजेत आहे. वजन थोडं वाढलंय म्हणतात, पण इथल्या काट्यावर माझा विश्वास नाही. माझ्या खोलीत एक प्लंबर राहतो, तो दारातून आडवा होऊन आत येतो, आणि या काट्यावर तो माझ्याहून हलका भरतो. तुम्ही असता तर काटा खोलून बसला असता आणि आम्हाला जेवायला उशीर झाला असता.

तर विषय कंपनीच्या उत्तराचा आहे. पण ते वाचून माझं काय झालं हे कळायला तुम्हाला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागेल, आणि ऐकाच, कारण पत्र काही फोनसारखं ‘गिऱ्हाईक आलं रे’ म्हणून खाली ठेवता येत नाही.

भांडण माझं इंजिनिअरदादाशी होतं, तुमच्याशी नव्हतंच. तुमच्या चुलतभावाचा मुलगा म्हणून मी त्याला दादा म्हणतो, नाहीतर दुसरंही काही म्हणता येईल. त्याने त्याच्या घरी हॉलच्या भिंतीवर घराण्याचं झाड रंगवून घेतलं. बुंध्याशी आपल्या धंद्यातला पहिला तराजू बनवणारा पूर्वज (मिश्या चित्रकाराच्या मनाच्या), वर फांद्या, फांद्यांना पानं, पानापानावर नाव. दादाच्या रांगत्या पोराला पान आहे. त्याच्या मेहुण्याचा तर या झाडाशी काडीचा संबंध नाही, तरी त्यालाही खाली बाकावर बसवून रंगवलाय. आणि आपण? आजोबांची फांदी ऐटीत निघते आणि कात्री लावल्यासारखी तुटते. तुम्ही नाही, बाबा नाहीत, मी नाही. मी तुम्हाला म्हटलं, जा, भांडा. तुम्ही म्हणालात, जाऊ दे रे, पावसात रंग उडतो. काका, भिंत आतली आहे! माझं म्हणणं एवढंच होतं, की बाबा गेले तेव्हा मागे एक सायकल आणि मी, एवढंच उरलं. सायकल तुम्ही विकलीत (बरं केलंत, मला शाळेत घालायला विकलीत, आणि मी शाळेतून पळालो, ते सोडा). माणसाचं नाव निदान एका पानावर असावं.

म्हणून मीच दादाला फोन केला. आधी तो ‘काकांना विचार, काकांना विचार’ करत राहिला. मी सोडेना, तेव्हा वैतागून म्हणाला, ‘हे बघ, मी माझी वाय-डीएनए टेस्ट केलीये. तूही कर. जुळली तर तुझ्या बापाचं पान मी स्वतः रंगवतो, जा!’

मी काही शिकलेला नाही, पण प्लंबरने हे मला संडासाच्या पाइपाच्या हिशोबात समजावलं आणि चांगलं समजलं. वाय नावाचं काहीतरी असतं, ते बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, असं सरळ खाली येतं, मध्ये कुठे जोड नाही. बायकांचा त्यात हात नसतो. (आपल्या घरातली काकूला न विचारता पुढे गेलेली ही एकमेव वस्तू असावी.) एका आजोबांची नातवंडं-पणतवंडं असली, की मुलांमुलांचं हे वाय जवळजवळ सारखं निघतं. झालं. मी टेस्टच्या कंपनीकडे पैसे भरले, संच मागवला, गालात काडी फिरवली, नळी बंद केली, पाठवली.

उत्तर आलं, की माझं आणि दादाचं जुळत नाही. थोडंही नाही. आमचा मूळ पुरुष एक असलाच तर तो इतका मागचा, की तेव्हा तराजूच काय, तोलायला धान्यही नसावं.

तुम्हाला काय वाटतं, मी खचलो? मी नाचलो काका! म्हटलं, सापडला दादा! हाच बनावट! अख्ख्या झाडाचा मालक होऊन बसलाय आणि स्वतःच कलमी! मी आमच्या लाँड्रीत सगळ्यांना सांगत सुटलो. (दवाखान्यांच्या चादरी धुतो आम्ही, इतक्या की मला आता पांढरा रंग बघवत नाही.) इस्त्रीवरच्या मावशीने विचारलं, ‘पण बनावट तो कशावरून? तू कशावरून नाही?’ मी म्हटलं, मावशी, माझे काका अजून ठणठणीत आहेत. त्यांचं माझ्याशी जुळलं, की दादाचा निकाल लागला. म्हणून दुसरा संच घेऊन थेट तुमच्या पत्त्यावर पाठवला. आणि मग सुरू झाली तुमची कारणं. आधी काडी सापडेना. मग सापडली तर काकूने त्याच काडीने कान कोरला. तशी दुसरी काडी होती संचात, तर तुमचा दात. मग चहा प्यायला होतात. काका, दिवसभर कुणी चहा पितं का? (तुम्ही पिता. पण तरी.) शेवटी एकदाची नळी पोस्टात पडली आणि मी इकडे उत्तराची वाट बघत चादरींच्या चुकीच्या घड्या घालायला लागलो.

उत्तर काल आलं. कंपनीची माणसं फार सभ्य. त्यांनी लिहिलंय, की नमुना मिळाला, आभारी आहोत, परंतु तो माणसाचा नाही.

इंग्रजीत होतं म्हणून मी प्लंबरकडून दोनदा वाचून घेतलं. पुढे त्यांनी लिहिलंय की हा नमुना बहुतेक शेळीचा असावा.

काका! शेळीचा! आणि ती पण आपली मागच्या अंगणातली मास्तरीण, दुसरी कोण तुम्हाला गाल उघडून देणार! बोकडसुद्धा नाही हो, शेळी! जिच्याकडे वाय नसतंच! प्लंबर हसून हसून कॉटवरून पडला आणि कॉट मोडली. आता तो जमिनीवर झोपतो आणि मला ‘शेळीच्या पुतण्या’ म्हणून हाक मारतो. दाढ दुखणारा माणूस शेळीचं तोंड उघडून तिच्या गालात काडी फिरवतो, तेव्हा त्याची स्वतःची दाढ बरी असते, एवढं न शिकलेल्यालाही कळतं.

रागावून मी लगेच फोन लावला. तुम्ही दुकानात होतात, काकूने उचलला. ते पुढे लिहितो.

मधल्या मध्ये एक गंमत सांगतो. आमच्या सुपरवायझरने आज मला बोलावून घेतलं. म्हणाला, ‘तू मशीनमध्ये चादरी टाकायच्या आधी ड्रमवर फुंकर का मारतोस? मंत्रबिंत्र घालतोस की काय?’ मला माहीतच नव्हतं काका, मी फुंकर मारतो! मग आठवलं, तुम्ही पारडं हातात घेतलं की वजन ठेवायच्या आधी फुंकता. धूळ असो नसो. बाबाही फुंकायचे. भात वाढून घ्यायच्या आधी ताटावरसुद्धा फुंकायचे आणि काकू ओरडायची. सुपरवायझरला म्हटलं, साहेब, आमचा खानदानी धंदा आहे, वजनात खोट नको म्हणून. तो म्हणाला, ‘इथे चादरी आहेत.’ मी म्हटलं, चादरीत पण खोट नको.

असो. प्रकृतीला जपा. शटरला तेल घाला. मास्तरणीला माझा राग सांगा आणि नंतर थोडा हिरवा पाला घाला, तिची काही चूक नाही.

तुमचा,
पुतण्या

ता. क. काकू आधी शेळीवरून हसली, मग रडली, मग सगळं सांगितलं. तिला बोलू नका, मीच तिला शपथ घातली. आजोबा बाजारात काटे दुरुस्त करायला गेले आणि परत येताना धान्य तोलायच्या मोठ्या पारड्यात एक पोर घेऊन आले, ज्याची आई त्या बाजारातच वारली होती. तुम्हाला म्हणाले, हा तुझा भाऊ, कुणी विचारलं तर इथलाच. इतकंच सांगितलं आणि तुम्ही आजपर्यंत काकू सोडून सगळ्यांना इतकंच सांगितलंत, बाबांनासुद्धा. काकू म्हणाली, त्या दिवशी आजोबांनी गंमत म्हणून एका पारड्यात बाबांना बसवलं आणि दुसऱ्यात तुम्हाला. तुमचं पारडं धाडकन खाली गेलं. तुम्ही खिशातल्या गोट्या काढून त्यांच्या पारड्यात टाकल्या, मग चप्पल टाकली, मग सदरा काढून टाकला, तरी ते खाली येईना म्हणून रडायला लागलात. काका, ते अजून बरोबरीला आलेलं नाही असं तुम्हाला वाटतं का? मला शाळेत घातलंत, पळालो तर धंद्यात घातलंत, तिथून पळालो तर तिकिटाला पैसे दिलेत. आता पुरे. टाकणं थांबवा.

ता. क. २. दादाशी बोललो. भांडायलाच फोन केला होता. तो म्हणाला, ‘अरे, काकांचं पान मी रंगवणारच होतो. तेच म्हणाले, माझा भाऊ झाडावर नसेल तर मीही नाही, पुसून टाक.’ पुसलेली जागा अजून पांढरी दिसते म्हणे. मला पांढरा रंग आता पुन्हा बघवतो.

ता. क. ३. सगळं लिहिलं ते या एका कामासाठी. हॉलच्या भिंतीचं राहू द्या, मला तिथे पान नको. पण दुकानाच्या पाटीवर तुमच्या नावापुढचं ‘आणि बंधू’ उन्हाने उडून गेलंय, मागच्या खेपेला मी बघितलं आणि बोललो नाही. पेंटर बोलवा. अक्षरं तुमच्या नावाएवढीच मोठी पाहिजेत, आणि ब्रश लावण्याआधी पाटीवर तुम्ही स्वतः फुंकर मारा. तिसऱ्या संचासाठी बाजूला ठेवलेले होते, तेच सोबत पाठवतोय: साडेसहा हजार.