ग्रहणाच्या कितीतरी आधी

आई, नखांत शाडू तसाच आहे, हात धुवायचंही सुचलं नाही, आधी तुला सांगते. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. आता माझ्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय, तरी शाळा सुटल्यावर पळत यावं तशी आज घरी आले. इथल्या कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. पोटातल्या बाळाचा चेहरा कसा घडतो ते मुलांना हातात घेऊन बघता यावं, म्हणून त्या माझ्याकडून शाडूची डोकी करून घेताहेत. मला वाटलं, नेहमीसारखं काम, चित्र बघायचं, लिंपायचं, रंगवायचं. पण काय सांगू तुला!

आधी चेहरा नसतोच गं. खरा असतो तुरीच्या दाण्याएवढा, मी मात्र नारळाएवढा करतेय. डोळे शेळीसारखे दोन बाजूंना, नाकाच्या जागी नुसते दोन खळगे, तेही लांब लांब, आणि बाकी सगळे सुटे उंचवटे. मग कपाळाकडून मधला भाग खाली उतरतो, गालांकडून दोन भाग पुढं सरकतात आणि नाकाखाली येऊन एकमेकांना चिकटतात. करंजीच्या कडा दाबतो ना आपण, तसं, फक्त दाबणारं कुणी नसतं. टाळूची तर त्याहून गंमत. तिच्या दोन फळ्या जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात आणि जीभ मध्ये अडून बसलेली! मग जीभ खाली सरकते, फळ्या वर उचलल्या जातात, आडव्या होऊन मधोमध जुळतात, आणि नाक वेगळं, तोंड वेगळं होतं. हे करताना मी एकटीच मोठ्यानं हसत होते. मॅडम म्हणाल्या, "आता वर्गही तुम्हीच घ्या." म्हणजे जगातलं प्रत्येक तोंड आधी सुटंच असतं, आई. माझं एका बाजूनं जुळायचं राहून गेलं, इतकंच.

शहागंजात बांगड्या भरायला गेलो की तू माझ्या तोंडावर पदर धरायचीस, ऊन असो नसो. ऑपरेशननंतर टाक्यांच्या व्रणावर रोज साय चोळायचीस. अजून दिसतं मला, तू चुलीपुढं बसलीयेस आणि आजी दारातून बोलतेय, "डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हातात, अन् ही गिऱ्हाणात इळी घिऊन बसली. लेकराचा व्हट चिरला. किती येळा सांगितलं व्हतं!" तू मान खाली घालून भाकरी थापतेस. एकदा मी विचारलं, खरंच का गं? "व्हय बाई, माझ्याच हातानं झालं. फुलंब्रीहून पाव्हणे आले व्हते, वांगी चिरली." मला आजीचा फार राग आला होता, आजही येतो. त्यानंतरचं प्रत्येक ग्रहण तू उपाशी बसून काढलंस, पोटात कुणी नसतानासुद्धा.

आज ओठ लिंपता लिंपता मी हे सगळं मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"डोहाळजेवण म्हणजे सातवा महिना ना? अहो, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. राहायचा असला तर तेव्हाच राहतो. टाळूसुद्धा तिसऱ्यात होऊन जाते. तुमच्या आईनं वांगी चिरली तेव्हा तुमचं तोंड कधीच घडून झालं होतं. आणि ग्रहणानं तर कुणाचाच ओठ फाटत नाही."

"मग कशानं?"

"पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. पण आईनं केलेलं नाही, एवढं नक्की."

ऐकलंस? तू केलेलं नाहीस! तू विळीवर बसलीस, तेव्हा मी हा असाच ओठ घेऊन तुझ्या पोटात मजेत पाय झाडत असेन. मला इतका आनंद झाला की मॅडमचे हात माझ्या चिखलाच्या हातांत धरले मी. त्याही हसल्या बिचाऱ्या.

हे पत्र कुठं टाकणार, राहील इथंच. एक मात्र कबूल करते. निघताना मी मॅडमना म्हणाले, एवढं एक वाक्य कागदावर लिहून द्या, खाली सही करून. त्यांनी विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

मी म्हणाले, "आईला. घरी वाट बघत असेल."