मधल्या दोन पट्ट्या

तामलवाडी, ६ मे

ती. रुद्रम्माअक्कास,
सिद्धेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जुळवता, म्हणून लिहून कळवतो.

एकाला काळं रान आणि दुसऱ्याला मुरमाड नको म्हणून अप्पांनी वाटणी उभी केली. ओढ्यापासून माळापर्यंत चार पट्ट्या: एक शरणप्पादादाची, एक माझी, पुन्हा त्याची, पुन्हा माझी. न्याय झाला, शेती मेली. पट्टी इतकी चिंचोळी की ट्रॅक्टर वळवायचा तर भावाच्या पिकात. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांची पिकं तुडवतोय आणि त्यावरून भांडतोय.

आता सरकारनं अदलाबदलीला सवलत दिलीय. मधल्या दोन पट्ट्या बदलल्या की दोघांचीही रानं सलग होतात. मोजणी मी स्वतः पुस्तकं वाचून शिकलो, कुणाला गुरू केला नाही. साखळी धरून नकाशाही मीच काढला. दादा लगेच तयार झाला. अप्पांच्या मागं सातबाऱ्यावर तुमचंही नाव लागलंय, तेव्हा सही लागेल. वीस तारखेला तुळजापूरला यावं.

तुमचा लोभ नकाशात मावत नाही, तरी तो असू द्यावा.

आपला, सिद्धेश्वर

तेर, ११ मे

चि. सिद्धूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू लग्नातल्या पंगतीचीही साखळीनं मोजणी करशील. येते मी वीसला, गुडघे साथ देतील तर.

पण शरणप्पा लगेच तयार झाला, हे काही मला गोड लागलं नाही. लहानपणी भाकरी बदलून घ्यायचा तेव्हा स्वतःच्या भाकरीवरचं लोणी आधी चाटायचा आणि मग ती माझ्या ताटात टाकायचा. सांभाळून.

तुझ्या बायकोला, कमलबाईला माझा आशीर्वाद. उन्हात डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी, अक्का

तामलवाडी, १७ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लोण्याचं लिहिलंत ते मी हसून सोडलं होतं. आज हसायला येत नाही.

मागच्या दुष्काळात तलाव आटला तेव्हा आम्ही दोघांनी गाळ आणून आपापल्या पट्ट्यांवर पसरला होता. लोक त्याला माती म्हणतात. माती नव्हे, गाळ, फरक आहे. जी पट्टी मला मिळायची तिच्यावरचा गाळ दादानं काल जेसीबी लावून खरवडला आणि माझ्या पट्टीवर, म्हणजे जी त्याला मिळायची तिच्यावर, नेऊन टाकला. मागं पिवळा मुरूम उघडा पडलाय, सोललेल्या गुडघ्यासारखा.

जाब विचारला तर म्हणतो, "कागदावर जमीन लिवलीय. गाळ कुठं लिवलाय?"

उपाशी माणसानं केलं असतं तर समजून घेतलं असतं. याचं पोट भरलेलं आहे. सरपंचाला सांगायला गेलो, तर दात कोरत त्यानं जेसीबी कुणाचा होता ते विचारलं. त्यालाही जेसीबीचं काम काढायचं होतं म्हणे. या गावाची किळस आली, अक्का. सहीचं तुम्हीच ठरवा.

सिद्धेश्वर

तेर, २३ मे

चि. सिद्धूस,
अ. उ. आ.

वीसला मुद्दाम आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच शरणप्पा इथं हजर, चिवड्याचा पुडा घेऊन. माझी तब्येत कधी नव्हे ती त्यानं दोनदा विचारली. मी एवढंच म्हणाले की सही करत नाही, अदलाबदल राहू दे, ज्याची पट्टी त्याला. आधी त्याला काही वाटलं नाही. पाणी प्यायला लागला आणि पेला हातातच राहिला. सगळा गाळ तुझ्या पट्टीवर, याच्या पदरात मुरूम.

गाळ होता तिथं परत पसर, मगच सही, असं सांगून लावून दिला.

आणि तूही त्या गाळाला पाय लावू नकोस. आता दुप्पट गाळ माझा, असं पारावर म्हणालास ते तेरपर्यंत आलंय. सातबाऱ्यावरच्या नावाचा मला हा पहिलाच उपयोग. अप्पांनी चार पट्ट्या पाडल्या तेव्हा माझ्यासाठी एक काकर, नांगराच्या तासाएवढी जमीनसुद्धा धरली नव्हती.

अक्का

तामलवाडी, १२ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दिवसभर बांधावर बसून गाळाच्या ट्रॉल्या परत जाताना पाहिल्या, चहा दोघांच्याही घरचा घेतला नाही, दुसऱ्या दिवशी सही केली आणि एसटी धरली. पुढचं कळवतो.

परत आलेल्या गाळात मुरूम मिसळलाय, तो आता वेगळा व्हायचा नाही. पण रान सलग झालं. ट्रॅक्टर पहिल्यांदाच कुणाचं पीक न तुडवता वळला. मला आनंद व्हायला हवा होता.

आता दोघांत एकच बांध. तो कुरतडायला कुणाला निमित्त नको म्हणून मी तो हद्दीपासून हातभर मागं, माझ्या रानात घातला. काल दादा तिथं आला. मला वाटलं, चुकलं म्हणेल. त्यानं वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, "मधली ही हातभर जागा कुणाची धरायची?"

मी थुंकलो आणि ट्रॅक्टर सुरू केला.

पेरणी उरकली की या. तुमच्या काकरीचं बोलायचं आहे. ती कुठून धरायची ते तुम्हीच दाखवा.

तुमचा, सिद्धू