अडतीस सालची काशीबाय

१६ फेब्रुवारी २०२६, सोमवार

आज माझ्या प्रोग्रामनं एका म्हातारीला अल्पवयीन ठरवलं!

मालवणातल्या पतसंस्थेचे जुने छापील खातेउतारे वाचून तो नव्या कॉम्प्युटरात नोंदी चढवतो. काशीबायच्या उताऱ्यावर जन्मतारीख १२/०३/३८. ह्यानं वाचलं — २०३८. वय उणे बारा! खातं अडकलं. 'पालकाची सही आवश्यक.'

ती काउंटरवर उभी. "पालक? माझ्या बापाशीक खंयसून हाडू गो? तेका मरान साठ वर्सां झाली!"

सगळे हसले. ती नाही हसली. २४ला कणकवलीत मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे तिचं, मुदत ठेवीचे पैसे त्यासाठीच. माझ्याशी बोलताना ती शेजारच्या कपाटाकडे बघत होती. मी तिथे नाही हे तिला दिसतच नव्हतं.

१७ फेब्रुवारी

चूक माझीच. दोन आकडी साल ६८पर्यंत असेल तर दोन हजारात, ६९पासून एकोणीसशेत — हा तयार नियम मी न तपासता उचलला होता. आज ती ६८ची रेघ खाली आणली, ३०वर. काशीबाय एकदम सत्त्याऐंशीची! जमलं!

१८ फेब्रुवारी

कसलं जमलं. २०३१ला मुदत संपणाऱ्या ठेवींची मुदत १९३१ला संपली! मॅनेजर म्हणाले, "तन्वी मॅडम, पंचाण्णव वर्षांचं व्याज तुम्ही देणार का?" नियम पुन्हा जुना. काशीबाय पुन्हा जन्माला यायची आहे. जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. परशुरामकाकांकडे गेले. ह्याच पतसंस्थेत तीस वर्षं कारकून होते, निम्म्या नोंदी त्यांच्याच हातच्या. त्यांना सगळं सांगितलं. पडवीत सुपारी कातरत ऐकत होते.

"सगळ्या तारखांक एकच रेघ कित्याक? आधी तारीख कसली ता बघ. जल्माची फुडली कशी असात? मुदतीची ठेवीच्या आधी कशी येयत?"

मी अडवलं — जन्मसाल २६ आलं तर? शंभरीचा आजोबा की यंदाचं बाळ?

"खाता कधी उघडला? तेच्या आधी माणूस जल्माक येवक व्हयो ना गो!" स्वतःच खोकेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "आणि दोन्ही बसत असतीत तर अंदाज करू नको. माणसाक विचार."

चार वर्षं पुण्यात हे काम केलं. असं कोणी सांगितलं नव्हतं. येताना काकूंनी पिशवीभर कोकमाची सोलं दिली.

२० फेब्रुवारी

झालं! अकराशे चाळीस खाती, नऊच शंकेची — त्या नऊ जणांना फोन केले. काशीबायला पैसे मिळाले. माझं मनगट घट्ट धरून सगळ्या ऑफिसला सांगत सुटली — "ह्या बगा, ह्या माझा पालक!"

ऑपरेशनला सोबत कोण, विचारलं. कोणी नाही. मी जाते म्हटलं.

२४ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, थेट मालवणपर्यंत.

२ मार्च

आज तिनं मला पहिल्यांदा नीट बघितलं. बराच वेळ. "अगो, जेवतस काय नाय तू?" — आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. दोनदा!

१२ मार्च

साडी घेऊन गेले. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस! तिनं घडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ती तारीख माझी नाय गो. काशी माझी थोरली भयण. देवीच्या साथीत ल्हानपणीच गेली. माका शाळेत घालताना बापाशीन तिचोच दाखलो लावल्यान. माझा नाव चंपा."

निघताना अंगणाच्या फाटकाजवळून हाक मारली — "चंपाबाय!"

अशी गर्रकन वळली, पोरीसारखी.