चिमणाबाईंची नोंद

गंगापूर रोड, नाशिक
९ जानेवारी २०२४

ती. शेखरदादास,
शि. सा. न.

फोनवर तू दोन मिनिटांत गुंडाळतोस, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर जाणार आहेत आणि निवड समितीत मला घेतलंय. वीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली सांभाळल्या, हीच माझी लायकी! सर्व्हर कसा घ्यायचा, डेटाबेस कोणता, मला ओ की ठो कळत नाही. लहानपणी माझी गणितं सोडवायचास, तसं हेही सोडव. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातही उतरू दे.

तुझी,
योगिनी

पुणे, १७ जानेवारी

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

गणितं मी सोडवायचो, मार्क तू घ्यायचीस. असो. डेटाबेस ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारा, घेतलात तरी उत्तम चालेल. सर्व्हरची यंत्रं मात्र दोन घ्या. नोंदींची रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत जाऊ दे आणि ती उघडते का, हे महिन्यातून एकदा तू स्वतः बघ. कागदी फायली वर्षभर तरी हलवू नका. समितीने ऐकलं नाही तर सही करू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

नाशिक, २१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

रागावू नकोस. समितीला दोन यंत्रं म्हणजे चैन वाटली. एकच आलं, प्रतही त्याच खोलीतल्या डिस्कवर राहते. सगळे माझ्याकडे बघत होते, मोठे डॉक्टर चहा गार होतोय म्हणाले, आणि मी सही करून टाकली. फायली रद्दीत गेल्या. पण चालतंय छान! नाव टाकलं की सगळी माहिती समोर. रागावलास तरी लिहीत जा.

योगिनी

नाशिक, ३ सप्टेंबर

दादा,
नमस्कार.

गेल्या बुधवारी सर्व्हर बंद पडला. प्रत उघडायला गेलो, तर ती रिकामी. तू सांगितलेली तपासणी मी एकदाही केली नव्हती.

गुरुवारी मखमलाबादच्या चिमणाबाईंना शेजाऱ्यांनी आणलं. त्यांचा गुलाबाचा मळा आहे. दर खेपेला माझ्या टेबलावर दोन फुलं ठेवून जायच्या. या वेळी तापाने शुद्धच नव्हती. पेनिसिलिन त्यांना चालत नाही, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांना दिसायला नोंद उरली नव्हती. इंजेक्शन दिलं. तासाभरात गेल्या.

सून आशा मार्केटातून धावत आली. मागच्या खेपेला तुम्हीच लिहून घेतलं होतं ना, असं तिने विचारलं. हो म्हणाले. मग डॉक्टरांना का नाय दिसलं, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तिला त्यातलं किती कळलं, देव जाणे. शेवटी आईंच्या चपला कुठं ठेवल्यात, एवढंच तिने विचारलं.

त्या शोधल्या. सापडल्या नाहीत.

काही मागायला तोंड उरलेलं नाही. तरी मला टाकू नकोस.

योगिनी