जानकीला चढवलेलं रक्त

५ जून, गुरुवार
डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं आहे, पायातून नळी घालून बुजणार नाही. छाती उघडायची. सोमवारी. जन्मापासूनचं भोक, कळलं सोळाव्या वर्षी. जानकीनं पहिला फोन रघूमामाला केला. मी, तिचा बाप, शेजारच्याच खुर्चीत.

७ जून, शनि.
रक्तपेढीत मी आणि रघू, दोघं गेलो. मारुतीला बोललो होतो, शनिवार निर्जळी करीन. सुई टोचण्याआधीच डोळ्यांपुढे अंधारी. परत पाठवलं. रघू पापनाशम गावाहून इडली-वडा हाणून आलेला, त्याचं रक्त घेतलं. देवाला कधी हात जोडत नाही. वॉर्डात जानकीला त्यानं रंगवून सांगितलं. "भावोजी, मारुतीला सांगा, आधी टिफिन, मग भक्ती!" ती खूप हसली.
जावळ काढलं, कान टोचले, तेव्हाही ती त्याच्याच मांडीवर. मामाचा मान. मी समोर उभा.

९ जून, सोम.
पाच तास. जप धड होईना, मन रघूच्या रक्ताच्या पिशवीभोवती. तिच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा घेऊन ठिगळ शिवलं. नीट झालं. रक्ताची एक पिशवी लागली. रघू सगळ्यांना फोनवर, तमिळमध्ये, मोठ्यानं: माझं रक्त चढलं पोरीला. बायको त्याचा हात धरून रडली. त्याचा.

११ जून, बुध.
रक्तपेढीत कागद द्यायला गेलो. सहज विचारलं. बाई म्हणाल्या, "मामांचं पेढीत जमा झालं, सार. तिला दुसऱ्या कुणाचं दिलं. जवळच्या नातलगाचं आम्ही टाळतोच."
इतका आनंद झाला की जिन्यात थांबावं लागलं. मग लाज. ज्यानं दिलं, त्याला मनातून नमस्कारही केला नव्हता.

१४ जून, शनि.
जानकी दारापर्यंत चालली. दम लागला नाही. देवा!
रघू रसम-भात भरवत होता. "अप्पा, मामाचं रक्त ना, म्हणून एवढी भूक," ती म्हणाली. मी तोंड उघडलं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, "पाणी देऊ?"
घरी सहा आठवडे विश्रांती. म्हणते, "अप्पा, तुमच्या वहीतली अक्षरं मला शिकवा." मी तमिळ शाळेतला, ही मराठी अक्षरं वडिलांनी शिकवली. घरात मराठी बोलतात सगळे, अक्षरं दुसऱ्या कुणाला येत नाहीत. रघूलाही नाहीत.
हो म्हटलं. सोमवारपासून अ आ इ. हुशार आहे, महिन्यात वाचायला लागेल.
ही वही लपवावी की टेबलावरच राहू द्यावी...