टिपूस

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली बरी आहे. खाली बेकरी असल्यामुळे पहाटेपासूनच भूक लागते. शाळेला सुट्टी आहे, पण प्रयोगशाळेतलं मांडामांडीचं काम जमतंय. आतापर्यंत एकच काचनळी फोडलीये.

एक मात्र सांगून टाकते. बस सुटताना मी ढसाढसा रडत होते आणि तू आपली खांबासारखी उभी. आईमागे आपण दोघीच, तरी तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, त्या तुमच्या घरमालकीण का? मनाला फार लागलं गं. गालावरच्या चट्ट्याला मलम लावतेस ना?

रुसले असले तरी तुझीच,
बारकी

१८ मे

चि. बारकीस,
अ. आ.

घरमालकीण म्हणे! थकलेलं भाडं पाठवून दे मग.

चट्टा गप्प आहे. त्वचेचा ल्युपस त्वचेपुरताच, म्हणून यंदा तपासणीला गेले नाही. दुकानात पडद्यांची मोठी ऑर्डर आलीये. पण दोरा ओवायचा म्हणजे वैताग. पूर्वी ओठांत धरून ओला केला की झटकन सुईत जायचा, आता तोंडात ओलच नसते. मशीनपाशी पाण्याची वाटी ठेवते. बिस्कीटसुद्धा पाण्याशिवाय उतरत नाही. डोळ्यांत सारखं खुपतं, कापडाची धूळ असेल. वय झालं, दुसरं काय!

बसचं काय लिहू, सुचत नाही. माया होती तेवढीच आहे, तूही ठेव.

तुझी ताई

२४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला. अगं, धूळ गेली की डोळ्यांना पाणी येतं. तुझ्या डोळ्यांत तेच येत नाहीये.

चट्ट्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की शरीर स्वतःवरच उलटतं असा एक आजार असला की त्याच जातीचा दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण थायरॉईड, सांधे, तोंडाचा नि डोळ्यांचा कोरडेपणा यांच्याकडे लक्ष ठेवायचं. तू तेव्हा त्यांच्या पडद्याची शिवण बघत बसली होतीस! तुझं पोट डोळ्यांवर चालतं, ताई. मला भीती वाटतेय. शनिवारी येते आणि हाताला धरून नेते.

नाही म्हणालीस तर खरंच रुसेन.
बारकी

२० जून

चि. बारकीस,
अ. आ.

तू गेल्यावर उरलेले रिपोर्ट आले. तुझंच खरं निघालं. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकत चालल्यात. श्योग्रेन म्हणतात याला, ल्युपसच्याच गोतावळ्यातला. बुबुळांवर ओरखडे उठले होते. आणखी अंगावर काढलं असतं तर नजरेवर बेतलं असतं, आता औषधानं भरून येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थायरॉईड ठीक आहे, पण तेही दर वर्षी बघायचं. जाईन, शपथ.

रडताना पाणी येतं का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती बस आठवली. बारके, मी रडत होते गं. घरी पोचेपर्यंत रडत होते. फक्त ओलं काही झालं नाही, आणि ते तुला कसं सांगावं कळेना.

आता दिवसातून कितीदा तरी डोळ्यांत थेंब घालते. निम्मे गालांवरच ओघळतात. काल पडदे न्यायला आलेल्या बाई घाबरल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, धाकटी बहीण गावाला गेलीये.

खोटं नाही बोलले.

तुझी ताई