इन्व्हर्टरचं बटण

पनवेल,
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. ज्युडिथ हिस,

शालोम आणि मनापासून आशीर्वाद. तिकडे सगळे ठीक असाल, तुझ्या नवऱ्याची कंबर सरळ झाली असेल आणि नातवाचं पाठांतर जोरात चाललं असेल, असं धरून चालतो.

पत्र बघून हसशील. रोज व्हिडिओवर तोंड दाखवणारा माणूस कागद कशाला काळे करतोय, म्हणशील. अगं, घर आमचं केवढं ते तुला माहीत आहे. जेरुशाचा पलंग हॉलमध्ये आणल्यापासून फोनवरचा शब्द न् शब्द तिला ऐकू जातो. गॅलरीत जाऊन बोललो, तर तुझ्या बहिणीला लगेच कळतं की विषय तिचाच आहे, आणि मग संध्याकाळपर्यंत माझी उलटतपासणी. सिनेगॉगमधला आपला अवी मंगळवारी तिकडे इस्रायलला यायला निघतोय, हे पत्र त्याच्या हाती देतो. ती विचारेल, काय खरडताय? सांगेन, रेडिओच्या मंडळींना लिहितोय. रेडिओचं नाव काढलं की ती पुढे काही विचारत नाही.

तू विचारलंस, "भावोजी, आता येऊ की वल्हांडणानंतर?" मार्चात नातवाला तेरा पुरी होऊन त्याचा बार मित्झ्वा, पाठोपाठ सणाची साफसफाई, मग निवांत येते, असं तुझ्या मनात आहे. निर्णय माझ्यावर सोपवलास. त्याचं उत्तर देतोच. आधी इकडची खबर ऐक.

विमानतळ सुरू झाला एकदाचा. आता विमानं डोक्यावरून जातात आणि खालच्या मजल्यावरचे लोक अजून कौतुकाने वर बघतात. उलव्याकडे गेलीस तर रस्ता ओळखणार नाहीस, मीच परवा चुकलो. थंडी यंदा बरी पडली. विचुंब्याहून आपली सुनिता येते ना कामाला, तिने घरची, मडक्यात भाजलेली पोपटी आणून दिली. वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्डीच्या पाल्याचा तो वास. जेरुशाने वास घेतला आणि म्हणाली, ज्युडिथ असती तर मडकंच पुढ्यात ओढलं असतं. शनिवारी सिनेगॉगमध्ये माझं जाणं होत नाही. मी नसलो की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरत नाहीत, म्हणून तिथला रुबेन फोन करकरून जीव खातो. त्याला काय सांगणार? घरी एक माणूस भरत नाही, तिथे दहावा कुठून होऊ?

जेरुशा बरी आहे. जेवते.

आणि तू दर वेळी विचारतेस, तुमचं टुंईटुंई काय म्हणतंय? काय म्हणणार, बाई! विमानांना दिशा कळावी म्हणून विमानतळांजवळ जुने रेडिओ-बीकन असतात, ते दिवसभर आपलं दोन-तीन अक्षरांचं नाव मोर्समध्ये सांगत बसतात. तेवढंच. ना बातमी, ना गाणं. जगभर ते एकेक करून बंद होतायत, आणि आमच्यासारखे चार रिकामटेकडे उरलेले दुरून पकडायला बघतात. नागपूरचा लागला की बरं वाटतं, समुद्रापलीकडचा लागला की जेवण गोड लागतं. जेरुशा लग्नानंतर लगेचच म्हणाली होती, "एवढा जीव काढून ऐकायचं, आणि तो सांगतो काय, तर मी इथे आहे! हे आमची मांजरसुद्धा सांगते." पण गॅलरीच्या दाराशी मी लाकडी चौकटीवर तार गुंडाळून एरियल उभं केलंय ना, त्याच्यावर तिने कधी ओला रुमालसुद्धा टाकला नाही.

या छंदाचा वैरी म्हणजे घरातली वीज. बीकन असतात त्या खालच्या पट्टीत ट्यूबलाइट, चार्जर, फ्रिज, सगळे गुरगुरत असतात. सगळ्यात पाजी इन्व्हर्टर. ऐकायला बसण्याआधी एकेक बंद करत फिरावं लागतं. आणि लाइट गेली की मग काय, आमचा सणच! सगळं पनवेल कपाळाला हात लावतं आणि मी उडी मारून उठतो, कारण आख्खी वस्ती गप्प झालेली असते. तेवढ्यात इन्व्हर्टरने घोळ घालू नये म्हणून त्याला तोडणारं एक बटण मी टेबलाशी लावून घेतलं होतं. सेट माझा सेलवर चालतो. अंधार झाला की डावा हात बटणावर, उजवा हेडफोनवर. जेरुशा हसायची. "चालले बघा नवरदेव."

गेल्या पावसाळ्यात तिचं ऑक्सिजनचं मशीन घरात आलं आणि हे सगळं थांबलं. ते दिवसरात्र घरघरतं, आणि सेटवर तर पिठाची गिरणी लावल्यासारखं ऐकू येतं. मी नाद सोडून दिला. खरं सांगतो, फारसं वाईटही वाटलं नाही. स्वयंपाकघरात पेज ढवळताना ती घरघर कानावर पडत असली की मला बरं वाटतं. पण दमायला होतं गं, ज्युडिथ. मशीनच्या बाटलीतलं पाणी बदला, तिची पाठ पुसा, उशा रचा. तिला आडवं होता येत नाही, बसूनच डुलकी काढते, म्हणून मीही खुर्चीतच. माझे पाय संध्याकाळी खांबासारखे सुजतात. काल आरशात बघितलं तर आपला बाप उभा आहे असं वाटलं, आणि तोही आजारी असतानाचा.

मशीन आधी दोनवर होतं. आता पाचवर आहे.

तू व्हिडिओवर बघतेस ना तिला, केस विंचरलेली, लिपस्टिक लावलेली? त्या पाच मिनिटांसाठी ती सकाळपासून बोलत नाही. दम साठवून ठेवते. फोन लागायच्या आधी नाकातली नळी काढते आणि उशीखाली दडवते. तू म्हणतेस, ताईचा चेहरा भरलाय. भरला नाही, सुजलाय. फोन बंद झाला की नळी लावून द्यायला मी हात पुढे करतो तर माझ्यावरच खेकसते.

हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं, आता खोडत नाही.

गुरुवारचं सांगतो. दिवेलागणीची वेळ. सुनिता यायची होती. मी रेडिओच्या टेबलाशी बसून जेरुशाच्या गोळ्या डबीत भरत होतो, तिच्याकडे पाठ करून. लाइट गेली. मशीन थांबलं. एरवी इन्व्हर्टर पुढच्या क्षणी ते उचलून धरतो, त्यासाठीच मोठी बॅटरी घेतलीय. पण सगळीकडे ती शांतता पसरली आणि माझा डावा हात बटणावर गेला, उजवा हेडफोनवर. विचार केला नाही गं मी. तोराच्या पोथीवर हात ठेवून सांगेन, डोक्यात काहीही नव्हतं. हात आपले आपण गेले, इतकी वर्षं जातायत तसे.

आणि लागला. आधी खरखर, मग चौकट जरा वळवली तर टिंब-रेघा सुट्या झाल्या. समुद्रापलीकडचा, ओमानच्या बाजूचा, ज्याच्यामागे मी कितीतरी हिवाळे लागलो होतो. मी डोळे मिटले. पुन्हा पुन्हा तेच नाव येत होतं आणि मला म्हाताऱ्याला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! मागे माझी बायको आहे, तिचं मशीन बंद आहे, हे त्या वेळात एकदाही मनात आलं नाही.

सुनिताने मोबाइलची बत्ती माझ्या तोंडावर मारली आणि हेडफोन ओढून काढला. "काका! काकीचा मशीन बंद हाय! ओठ निळं पडलं तिचं, तुमाला दिसत नाय काय?" पोरीने कोपऱ्यातला सिलिंडर ओढत आणला, नळी जोडली, चावी फिरवली. मीच शिकवलं होतं तिला. मी मात्र हेडफोनची वायर धरून खुळ्यासारखा उभा होतो. मग भानावर येऊन इन्व्हर्टर चालू केला. पंखा फिरायला लागला, पण मशीन सुरू होईना.

सुनिता वाकून बघते तर मशीनचं स्वतःचं बटण बंद. वीज गेली की ते मशीन कर्कश शिट्टी मारतं. मेलेला माणूस उठेल अशी. ती शिट्टी मला ऐकू जाऊ नये म्हणून जेरुशाने हात लांब करून ते बंद केलं होतं. मी हेडफोन चढवताना तिने बघितलं होतं.

रंग परत आला, दोन-चार श्वास नीट लागले, तेव्हा तिने डोळे उघडले. पहिली गोष्ट काय विचारावी?

"काय लागलं?"

मी म्हटलं, काही नाही.

"अरेरे," ती म्हणाली. "मग मी उगाच गप्प बसले."

मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला आणि रडलो, ज्युडिथ. लाज वाटली आणि तेवढाच तिचा रागही आला. हाक मारायची! एक ग्लास पाडायचा! तिला नंतर तसं म्हटलं, तर म्हणते, "एवढं काय त्यात? किती दिवसांनी बसला होतात." शुक्रवारी सकाळी मी पहिलं काम केलं, ते बटण उपटून वायर थेट जोडली. पण त्याने काय होणार? उद्या माझे पाय दुखतायत म्हणून ती तहान लागलेली सांगणार नाही. मी खुर्चीत डुलकी घेतोय म्हणून रात्रभर खोकला दाबून ठेवेल. आताही ठेवत असेल, मला काय कळतंय! तिला तिचा श्वास माझ्यावर खर्च करायची खोड आहे आणि तिच्याजवळ तो फार उरलेला नाही.

डॉक्टर डिसेंबरातच म्हणाले होते, बाहेरगावी कोणी असेल तर बोलावून घ्या. तिने ऐकलं. ते जिना उतरायच्या आत मला बजावलं, "ज्युडिथला कळवलंत तर याद राखा. पोराचा समारंभ टाकून धावत सुटेल ती." मी मान हलवली. महिनाभर पाळलं. तू रोज विचारत होतीस आणि मी रोज, बरी आहे, बरी आहे. आज लिहितानाही वर तेच लिहून बसलो, बघ.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वल्हांडणानंतर नको. बार मित्झ्वाचीही वाट बघू नकोस. पोराला सांग, पनवेलच्या आजोबांनी आजीला ऐन वेळी पळवली, रागवायचं तर त्यांच्यावर रागव. हे पत्र हातात पडेल त्याच आठवड्यात निघ. जेरुशाला मात्र मी बोलावलं असं कळू देऊ नकोस. म्हण, तिकीट स्वस्तात मिळालं. त्यावर तिचा चटकन विश्वास बसेल, तुला ती चांगली ओळखून आहे.

आणि एक सांगायचंय. भावोजी ताईची किती काळजी घेतात, असं तू तिकडे सगळ्यांना सांगत असतेस म्हणे. सांगू नकोस. अजूनही तीच माझी घेते, आणि मला तिला थांबवता येत नाही. लहानपणी तू तिच्या अंगावर ओरडायचीस आणि ती ऐकायची. ये आणि ओरड तिच्यावर. मला आता एकट्याला होत नाही.

वाट बघतोय, अगदी दमून.

तुझा भावोजी,
एलिजा